‘नाते’ या रकान्यात काय लिहायचं?

२०२३ च्या पावसाळ्यातली एक दुपार. फोन वाजला. “तुमचे मिस्टर आमच्याकडे ॲडमिट आहेत. चार दिवस झाले, कुणी फिरकलेलं नाही. येताना डायपर, साबण, टॉवेल आणि त्यांचं आधार कार्ड घेऊन या.”

मी म्हटलं, “मला मिस्टर नाहीत. २००३ साली घटस्फोट झालाय माझा.”

पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग सिस्टर म्हणाल्या, “अहो बाई, पण त्यांच्या डायरीत तुमचाच नंबर आहे. माणुसकी म्हणून तरी या.”

मी गेले. का गेले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. अकरा वर्षांच्या संसारात ज्या माणसाने माझा हात दोनदा मोडला, ज्याच्या घरातून १९९७ साली आठ वर्षांच्या लेकीला घेऊन नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडले, तो माणूस जनरल वॉर्डाच्या शेवटच्या खाटेवर पडलेला होता. वय सहासष्ट. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, अंगाखाली ओलं. आयुष्यभर ट्रक चालवला, त्यामुळे पेन्शन नाही. ज्या बाईबरोबर नंतर राहायचा ती कधीच निघून गेलेली. भावांनी फोन बंद केलेले.

त्याची दया आली का? आली. रागही आला. दोन्ही एकदम आलं. पण हा लेख माझ्या मनाबद्दल नाही, पुढच्या तीन महिन्यांत मला जे दिसलं त्याबद्दल आहे. आपल्या संघटनांच्या केंद्रांवर आता अशा बायका येऊ लागल्या आहेत. आपण ज्यांना पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मारझोडीतून बाहेर काढलं, त्यांचे माजी नवरे आता म्हातारे झालेत, अंथरुणाला खिळलेत. आणि सरकारी यंत्रणा या बायकांचे पत्ते शोधत येते आहे!

पाचव्या दिवशी डिस्चार्जची घाई सुरू झाली. खाट हवी होती, त्यात चूक काही नाही, खाली जमिनीवरही पेशंट होते. कारकुनाने फॉर्म पुढे केला. ‘रुग्णास ताब्यात घेणाऱ्याचे नाव. नाते.’ मी म्हटलं, मी ताब्यात घेणार नाही, पण त्याची सोय लागावी म्हणून माहिती द्यायला आले आहे. आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, ‘माजी पत्नी’. कारकुनाने ते वाचलं, ‘माजी’ वर काट मारली आणि म्हणाला, “मावशी, असलं काही चालत नाही. बायको ती बायकोच.”

कोर्टात सहा वर्षं तारखा घेऊन, दागिने मोडून, वकिलाच्या पायऱ्या झिजवून मी जो एक शब्द मिळवला होता, तो त्या माणसाने बॉलपेनच्या एका रेघेत खोडला. मी फॉर्म फाडला. वॉर्डात सगळे बघत होते.

मला त्याची शुश्रूषा करायची नव्हती. त्याला रस्त्यावर टाकलेलंही मला चालणार नव्हतं. या दोहोंच्या मधली एक साधी गोष्ट मी मागत होते. एक समाजसेवक, जो हे प्रकरण हातात घेईल. पेशंटशी बोलेल, त्याचं घर बघून येईल, कागद गोळा करील, जागा शोधील. मी त्याला माहिती देईन आणि घरी जाईन. एवढंच.

आता हे पद काही काल-परवा जन्माला आलेलं नाही. समाजकार्याचं रीतसर शिक्षण देणारी संस्था मुंबईत १९३६ साली सुरू झाली, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. १९८४ पासून याच संस्थेच्या समाजकार्यकर्त्या मुंबईत पोलिसांच्या आवारात बसून पीडित बायकांचं काम करू लागल्या आणि आपल्यापैकी कितीतरी जणींना त्यांचा आधार झाला. समाजकार्य म्हणजे काय हे महाराष्ट्राला शिकवावं लागू नये. पण मी ज्या रुग्णालयात होते तिथे समाजसेवा अधीक्षकांची तीन पदं, त्यातली दोन रिकामी. तिसऱ्या खुर्चीवर एक तरुण मुलगा, टेबलावर जनआरोग्य योजनेच्या फायलींचा ढीग. रेशनकार्ड तपासणं, शिक्के मारणं, बेवारस प्रेतांची पत्रं पोलिसांना देणं, यातच त्याचा दिवस संपायचा. मुलगा चांगला होता. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि अवघडून म्हणाला, “ताई, खरं सांगू? आमच्याकडे केस आली की आमचं पहिलं काम नातेवाईक शोधणं. सापडले की केस बंद.”

केस बंद! म्हणजे सरकारच्या लेखी समाजकार्य म्हणजे बाई शोधून काढणं. बायको, नाहीतर सून, नाहीतर लेक, नाहीतर बहीण. ती सापडली की वही मिटायची.

मग मीच हिंडले. दुसरं कोण हिंडणार होतं? तहसील कचेरीत गेले. वय पासष्टच्या वर, म्हणून ‘श्रावणबाळ’ योजना. (नाव बघा! मुलगा नसलेल्या म्हाताऱ्याला मदत करायची, तरी नाव श्रावणाचंच.) महिना दीड हजार रुपये. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला, वयाचा दाखला, रहिवासाचा पुरावा. अर्जदाराने यायला हवं, नाहीतर कुटुंबातल्या कुणीतरी. मी कुटुंब नाही म्हटल्यावर खिडकीतल्या बाईने विचारलं, “मग तुमचा यात काय इंटरेस्ट?” जिला नातं नाही तिने मदत करावी, हे त्या खिडकीला संशयास्पद वाटतं. घटस्फोटित बाई माजी नवऱ्यासाठी अर्ज घेऊन येते म्हणजे खोलीवर डोळा असणार!

वृद्धाश्रम पाहिले. पाच. चार ठिकाणी पाटीच होती, स्वतःची कामं स्वतः करणाऱ्यांनाच प्रवेश. अंथरुणाला खिळलेला माणूस कुणालाच नको. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार म्हाताऱ्यांना पुरेल असा वृद्धाश्रम सरकारने काढण्याची गोष्ट आहे. फक्त वाक्यरचना अशी, की सरकार असे आश्रम ‘स्थापन करू शकेल’. करीलच असं नाही.

त्याच कायद्यात मला एक उघडं दार सापडलं, आणि ते सापडलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. म्हातारा माणूस स्वतः अर्ज करू शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी कोणतीही व्यक्ती किंवा संस्था निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. नात्याची अट नाही. म्हणजे मीसुद्धा करू शकते! पण अर्ज करायचा कुणाविरुद्ध? मुलांविरुद्ध. म्हणजे माझ्या लेकीविरुद्ध. जिने बापाच्या हातातला पट्टा सहाव्या वर्षी पाहिला, जिच्या शाळेची एक वही त्याने कधी घेऊन दिली नाही, तिच्याकडून महिना दहा हजारांपर्यंत वसूल करण्याची सोय. अख्ख्या महाराष्ट्रात मला, त्याच्या माजी बायकोला, त्याच्यासाठी उघडं असलेलं एकमेव दार माझ्याच पोरीच्या घरात जाऊन निघत होतं.

लेक फोनवर म्हणाली, “आई, तू काही केलं नाहीस तर ते माझ्यावर येणार, आणि तू केलंस तर तुझ्यावर. आपल्या दोघींशिवाय त्यांना कुणी दिसतच नाही का गं?”

दिसत नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेल्या मुलीवरही आईबापांना पोसण्याची जबाबदारी येते असं ठरवलं. समानतेच्या दृष्टीने ते बरोबरच वाटतं. मुलगी परक्याचं धन नाही, असं आपणच म्हणत होतो की! पण बापाने पोसलं होतं का, हा प्रश्न त्या कलमात नाही. तीच गोष्ट बायकोची. हिंदू विवाह कायद्याच्या पंचविसाव्या कलमाखाली घटस्फोटानंतरही नवरा किंवा बायको कुणीही पोटगी मागू शकतं, आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका नोकरदार बाईने घटस्फोटित नवऱ्याला दरमहा तीन हजार रुपये अंतरिम पोटगी द्यावी हा खालच्या कोर्टाचा आदेश कायम ठेवला. कमावती बाई आणि खरोखर असहाय पुरुष असेल तर पैशांचा हिशेब कोर्टात व्हावा, माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं असं, की पैसे वसूल करताना ‘माजी पत्नी’ हा शब्द कायद्याला बरोबर समजतो. मदतीसाठी अर्ज घेऊन गेलं की मात्र तो कुणालाच कळत नाही.

मैत्रिणींनो, १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता बायकांची परिषद झाली होती, आठवतंय? त्या काळात आपल्या मागण्यांत एक मागणी असायची, की टाकलेल्या बाईला तिच्या नावाचं वेगळं रेशनकार्ड द्या. तेव्हा पुरवठा कचेरीतला माणूस विचारायचा, “नवरा कुठंय? त्याला घेऊन या.” नवऱ्याशिवाय बाईला साखर नव्हती, रॉकेल नव्हतं. आता पस्तीस-चाळीस वर्षांनी त्याच कचेऱ्या विचारतात, “बायको कुठंय? तिला घेऊन या.” दोन्ही वेळा धावपळ बाईचीच.

उलट बाजू बघा. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या चार मनोरुग्णालयांत घरच्यांनी सोडून दिलेल्या बायका वर्षानुवर्षं राहत आल्या. दिलेले पत्ते खोटे, पत्रं परत आलेली, नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं. त्या नवऱ्यांना “माणुसकी म्हणून तरी या” असे फोन कुणी केले? केले असतील तर किती जण डायपर आणि साबण घेऊन आले? वेडाच्या कारणावरून घटस्फोट मिळवून मोकळा झालेला पुरुष मोकळाच राहतो. त्याला कुणी शोधत येत नाही.

आता आपल्याच घरातलं बोलते, कारण तेही बोलायला हवं. आमच्या संघटनेच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, “ताई, तू माघार घेतलीस. वीस वर्षं आम्हाला शिकवलंस आणि आता त्याचे डायपर मोजतेस?” दुसरी म्हणाली, “जाऊ दे गं, बाईचं काळीज असतंच असं.” पहिलीचं मला लागलं. दुसरीचा मला जास्त राग आला. बाईचं काळीज! याच काळजाच्या नावावर आपल्याला चुलीपाशी बांधलं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातल्या माणसांची बिनमोल देखभाल करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी १३४ मिनिटं निघाली, पुरुषाची ७६. तिथे काळीज मोजलं नव्हतं, काम मोजलं होतं. आणि माझे ते तीन महिने त्यात कुठल्या रकान्यात बसतील, तो तर ‘घरातला’ही नाही?

पण पहिलीलाही उत्तर द्यायला हवं. शेजारची म्हातारी पडली असती तर मी धावले असते की नाही? धावले असते, आणि कुणी त्याला माघार म्हटलं नसतं. मग हा माणूस एके काळी माझा नवरा होता म्हणून माझी माणुसकी गुन्हा का ठरावी? त्याच्या खाटेजवळ मी नागरिक म्हणून उभी राहू शकत नाही, हीच तर पुरुषप्रधान व्यवस्थेची अडचण आहे. तिला तिथे एकतर पतिव्रता दिसते, नाहीतर निर्दय बाई. तुम्हीही त्याच दोन खोल्यांत मला का कोंडता?

हेही स्पष्ट सांगते, की जिला जायचं नाही तिने जाऊ नये. माझ्यासारखं जावंच, असं मी मुळीच म्हणत नाही. ज्या बाईने जिवाच्या भीतीने गाव बदललं, नंबर बदलला, तिचा पत्ता शोधून रुग्णालयाने तो नवऱ्याच्या भावाच्या हातात द्यावा, हा तर उघड धोका आहे. आजारी पडलेल्या माणसाची मारझोड आजाराने पुसली जात नाही. अंथरुणावरून थुंकणारे, लाथ मारणारेही असतात. माजी बायकोला फोन करायचाच तर आधी तिला विचारून, आणि ‘नाही’ म्हणाली तर पुन्हा न करण्याच्या बोलीवर.

आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. एवढ्या सगळ्या गडबडीत पाच दिवस त्या माणसाला कुणी विचारलं नाही, की ही बाई इथे आलेली तुला चालते का? वाचा गेली होती, समज गेली नव्हती. सहाव्या दिवशी मीच विचारलं. डाव्या हाताने त्याने मला जवळ बोलावलं नाही, चादर तोंडावर ओढून घेतली. लाज असेल, राग असेल. पण ते त्याचं उत्तर होतं आणि ते ऐकून घेणं हे समाजसेवकाचं काम होतं, माझं नव्हतं.

कायदा असा करता येतो का? येतो. केलेला आहे! २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा काढून बघा. त्यात मनोरुग्णाला साध्या कागदावर लिहून आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो नातेवाईकच हवा अशी अट नाही. कुणी नेमलेला नसेल तर नातेवाईक, मग सांभाळणारी व्यक्ती, मग मंडळाला योग्य वाटेल तो माणूस, आणि यातलं कुणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचे संचालक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी. म्हणजे शेवटी सही करायला सरकार उभं राहतं, असं संसदेने लिहून ठेवलं. घरचं कुणी नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणाने माणसाला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, त्याच्यासाठी वस्तीत राहण्याची सोय सरकारने करायची, हेही त्याच कायद्यात आहे. अंमल किती होतो ते आपण जाणतो. पण तत्त्व मान्य झालं आहे. मग अर्धांगवायू झालेल्याला ते का नाही? २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या माणसासाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहिला आहे, आणि झटक्याने लुळा झालेला माणूस अपंगत्वाचा दाखला मिळवू शकतो. तो दाखला मिळवायला त्याला तपासणीसाठी उचलून कोण नेणार, हा प्रश्न मात्र परत नातेवाईकापाशी येऊन थांबतो.

केरळात कोझिकोडला खाटेला खिळलेल्यांची घरी जाऊन काळजी घेण्याचं काम लोकांनी सुरू केलं, २००८ साली राज्याने त्याचं धोरण केलं आणि पंचायतीमार्फत परिचारिका दारोदार जाऊ लागल्या. तिथेही राबतात त्या बहुतेक बायकाच, हे मला ठाऊक आहे. पण त्या पगारावर राबतात आणि रोग्याची बायको असल्याचा पुरावा त्यांना द्यावा लागत नाही.

म्हणून आपण काय मागायचं? रुग्णालयात, तहसील कचेरीत, ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर कुणीही नागरिकाने असहाय माणसाची माहिती दिली की समाजसेवकाने ती केस घेतलीच पाहिजे. माहिती देणाऱ्याचं नातं विचारायचं नाही, त्याच्यावर ताबा लादायचा नाही. समाजसेवा अधीक्षकांची रिकामी पदं भरा, आणि अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नको. कंत्राटी मुलगा केस समजून घेईतो त्याची मुदत संपते. प्रत्येक जिल्ह्यात खिळलेल्या माणसांना घेणारं सरकारी निवासगृह हवं, बाईसाठीही आणि पुरुषासाठीही. आणि ज्या मुलांना आईबापांनी टाकलं किंवा छळलं, त्यांच्यावर निर्वाहाचा आदेश देण्याआधी त्यांचं म्हणणं समाजसेवकाच्या अहवालासह न्यायाधिकरणापुढे यायला हवं. शेवटची मागणी आपल्यातल्या काही जणींना पटत नाही. उद्या प्रत्येक मुलगा हेच म्हणेल, अशी भीती त्यांना वाटते. भीती खोटी नाही. बैठकीत पुन्हा वाद घालू.

त्याचं काय झालं? विधी सेवा प्राधिकरणाच्या एका स्वयंसेविकेने अर्ज लिहून दिला, वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी डिस्चार्ज अकरा दिवस लांबवला, आणि तीन महिन्यांच्या खटपटीनंतर शेजारच्या तालुक्यात एका धर्मादाय संस्थेने त्याला घेतलं. प्रवेशाच्या कागदावर ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून त्या समाजसेवक मुलाने सही केली, वरिष्ठांना न विचारता. मागच्या वर्षी त्याचं कंत्राट संपलं. दोन आठवड्यांनी संस्थेचा मला फोन, “सही करणारे साहेब आता तिथे नाहीत. तुम्ही येऊन सही कराल का? तुम्ही त्यांच्या मिसेस ना?”

मी अजून सही केलेली नाही. पुढच्या महिन्यात जिल्हा शल्यचिकित्सक आणि समाजकल्याणचे सहायक आयुक्त यांना आम्ही निवेदन देणार आहोत. त्यासाठी एक काम करा. तुमच्या भागातल्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयाचा डिस्चार्ज फॉर्म मिळवा, ‘नाते’ या रकान्याखाली काय छापलं आहे ते उतरवून घ्या, आणि तुमच्या केंद्रावर आलेल्या अशा बायकांचे अनुभव, त्यांची नावं न घालता, मासिकाच्या पत्त्यावर पंधरा दिवसांत पाठवा.